ऐकल्यावाचून सुतक नाही

दुःखापासून आपल्या माणसाला वाचवावे ही इच्छा फार जुनी आहे, आणि तिच्यात दोष काढणारा मनुष्य विरळा. परंतु ज्याचे दुःख आहे त्याच्यापासूनच ते झाकून ठेवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास आहे काय, हा प्रश्न त्या इच्छेइतका सरळ नाही. पूर्वी तो फारसा कसोटीला लागत नसे. कारण रडलेले डोळे आणि शेजाऱ्यांच्या जिभा कोणतेही वर्तमान चार दिवसांहून अधिक दडू देत नसत. पुढे माणसाच्या देहातच पहारा बसवणारी यंत्रे आली, आणि ज्यांचे प्रेम खरे होते त्यांनाही आपल्या असत्याला वैद्यकाचा आधार आहे असे वाटू लागले. सांगलीच्या देशिंगकरांची ही हकीकत अशाच एका प्रेमळ असत्याची आहे.

वैजयंतीबाई देशिंगकर यांनी पाटबंधारे खात्याच्या पूरनियंत्रण कक्षात एकतीस वर्षे काढली होती. पावसाळ्यात आयर्विन पुलाखाली कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे हे सांगलीकरांना ज्या आवाजातून कळे, तो त्यांचा आवाज. ठाम, कोरडा, एका इंचाचीही सवलत न देणारा. निवृत्तीनंतर तो आवाज घरात फिरू लागला आणि मुलगा सौमित्र व सून ऋजुता यांना धोक्याची पातळी म्हणजे काय ते रोज समजू लागले.

नदीच्या पातळीची एवढी काळजी वाहणाऱ्या बाईंनी स्वतःची पातळी मात्र कधी मनावर घेतली नाही. रक्तदाबाची गोळी चालू होती. परंतु उपवासाच्या दिवशी ती घ्यायची नाही, हा त्यांचा नेम. चातुर्मासात असे दिवस थोडके नसतात. त्यातच एकदा तपासणीत आकडा चांगला आला, तेव्हा "उतरलं ना आता? मग कशाला उगाच?" असे म्हणून उरलेल्या गोळ्याही त्यांनी डबीतच ठेवल्या. धरणाची दारे धरून आहेत म्हणून पाणी थांबले आहे, हे ज्यांनी जन्मभर जगाला सांगितले, त्यांनाच ते स्वतःच्या बाबतीत उमगू नये! ऋषिपंचमीच्या सकाळी ऋषीच्या भाजीसाठी माठ निवडता निवडता त्यांच्या उजव्या हातातून जुडी गळाली, आणि पाठोपाठ त्या स्वतः खाली गेल्या.

मेंदूच्या खोल भागात केसाहूनही बारीक धमन्या असतात. वर्षानुवर्षे वाढलेला दाब सोसून त्यांच्या भिंती जीर्ण होतात, आणि एखादे दिवशी त्यांतली एक फुटते. सांडलेले रक्त भोवतालच्या पेशींना चिरडते. बाईंचा प्राण वाचला. उजवा हात निम्मा परतला. जीभ अडखळत का होईना, चालू लागली. परंतु जिथे एक भिंत फुटली तिथे तिच्या शेजारच्या भिंतीही तितक्याच जुन्या असतात. यापुढचे सारे आयुष्य दाब मर्यादेत ठेवण्यावर अवलंबून होते.

मिरजेच्या डॉ. फरहाना मुजावर यांनी गोळ्यांच्या जोडीला एक नवे यंत्र सुचवले. त्याचे नाव प्रशमनी. मानेत जिथे मोठी धमनी दुभंगते तिथे निसर्गाने एक पहारेकरी ठेवला आहे. रक्ताच्या जोराने भिंत ताणली की तो मेंदूला वर्दी देतो, आणि मेंदू हृदयाला सावकाश चालण्याची व रक्तवाहिन्यांना सैलावण्याची आज्ञा करतो. ज्याचा दाब अनेक वर्षे चढलेलाच आहे त्याचा हा पहारेकरी त्या चढलेल्या पातळीलाच सरावतो आणि वर्दी देईनासा होतो. प्रशमनी म्हणजे त्या ठिकाणी बसवलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी तो सुस्तावलेल्या पहारेकऱ्याला जागे ठेवी.

येथवर सारे उत्तमच होते. परंतु यंत्रे शिकू लागली की तिथेच थांबत नाहीत. आवाजाची पट्टी, श्वासाची लय, तळहाताचा घाम यांवरून मनुष्य आता संतापणार किंवा रडणार हे प्रशमनी काही क्षण आधी ओळखी, आणि दाब चढण्यापूर्वीच त्याला शांत करी. शिवाय घरच्यांच्या फोनवर एक मृदू आवाज उमटे, "विषय बदलावा."

त्या दोन शब्दांनी घराचे वळण बदलले.

"अरे, पलीकडच्या कुलकर्ण्यांनी आपल्या जिन्यात परत सायकल लावलीय. मी उद्या त्यांना..."

"विषय बदलावा," फोन म्हणे.

"आई, आज गवार काय कोवळी मिळाली म्हणून सांगू!" ऋजुता घाईघाईने म्हणे.

गवार, हवा, चादरींचे रंग. पाच महिने त्या घरात याहून मोठे काही बोलले गेले नाही. बाईंना वाटे, आपण माणसांत बसलेलो नसून दवाखान्याच्या बाकावर बसलेलो आहोत.

अपवाद एकच होता. रोज संध्याकाळी साडेसहाला कुरुंदवाडहून त्यांच्या मोठ्या जाऊबाईंचा फोन येई. कुमुदवहिनींचे वय पंचाहत्तर, पतीच्या मागे त्या मुलगा श्रीरंग याच्याजवळ राहत, आणि यंत्रबिंत्र काही मानत नसत.

"काय गं वैजू, जिवंत आहेस का?"

"तुमच्या आधी नाही जायची मी, वहिनी."

"जाऊ नकोसच. माझी पैठणी परत केल्याशिवाय तर मुळीच नाही."

"ती पैठणी सासूबाईंनी मला दिली होती!"

"विषय बदलावा," फोन म्हणे.

"कोण गं ती मेली मधेमधे बोलते?" वहिनी विचारीत. "तिला म्हणावं, चाळीस वर्षं आमचा हाच विषय आहे."

त्या अर्ध्या तासात बाईंची जीभ सर्वांत कमी अडखळे. सौमित्रला ते फोन पसंत नव्हते, पण वहिनींना सांगण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते.

माघातल्या एका पहाटे कुमुदवहिनी झोपेतच गेल्या. सौमित्र व्यवसायाच्या कामाचे निमित्त सांगून कुरुंदवाडला गेला, खांदा देऊन आला, आणि घराच्या दाराबाहेरच त्याने ऋजुताला सांगितले, "आईला कळता कामा नये. आत्ता तर नाहीच."

आता येथे एक पेच होता. चुलतीच्या मृत्यूचे सुतक सौमित्रला दहा दिवस होते. आईशी खोटे बोलायला त्याचे मन कसेबसे तयार झाले होते. परंतु सुतकात देवाला हात लावायला ते काही केल्या तयार होईना. देव पारोसे ठेवणेही जमेना. त्याने उपाध्यायांना फोन केला. उपाध्याय सज्जन होते. ते म्हणाले, "मरण कानावर आल्यापासून सुतक. ज्यानं ऐकलंच नाही, त्याला ते नाही." सौमित्रला यात वाट दिसली.

दुसऱ्या दिवशी ऋजुता सासूबाईंना म्हणाली, "आई, आजपासून पूजा तुम्ही कराल? हाताला व्यायाम होईल."

बाईंना केवढा हर्ष झाला! पाच महिन्यांत प्रथमच कोणी त्यांच्याकडे काही सोपवले होते. थरथरत्या उजव्या हाताने त्यांनी देव उजळले, गंध उगाळले. गंधाचा टिळा बाळकृष्णाच्या कपाळाऐवजी नाकावर लागला, तेव्हा त्या एकट्याच हसल्या. चौथ्या दिवशी त्यांनी हौसेने शेवयांची खीर करून नैवेद्य दाखवला. साडेसहाचा फोन मात्र येईना. "काकूंचा घसा बसलाय," सौमित्र म्हणाला. दोन दिवसांनी म्हणाला, "मुलीकडे गेल्यात, बंगळूरला."

आठव्या दिवशी सकाळी बाईंनी आरती केली आणि तबक सौमित्रपुढे धरले. तो दोन पावले मागे सरला.

एकतीस वर्षे ज्यांनी पाण्यावरच्या खुणा वाचल्या, त्यांना आता सगळ्या खुणा एकदम दिसल्या. मुलाची आठ दिवसांची दाढी. ऋजुता रोज देवघराच्या उंबऱ्याबाहेरूनच फुले देते. खिरीची वाटी दोघांनीही "पोट भरलंय" म्हणून सारली होती. घरात आठ दिवस तळण नाही. आणि साडेसहाचा फोन नाही.

त्यांनी तबक खाली ठेवले.

"सौमित्र, घरात सुतक आहे."

"काहीतरीच काय, आई."

"कोण गेलं?"

"आई, तू आधी बस. आज हवा काय छान..."

"वहिनी गेल्या," बाई म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

सौमित्रच्या डोळ्यांत पाणी आले. बाईंच्या पोटातून एक आक्रोश उठला, छातीपर्यंत आला. आणि तेवढ्यात मानेत बारीक टिचकी वाजल्यासारखे झाले. हातपाय पिळून वाळत टाकलेल्या कपड्यासारखे सैल पडले. आक्रोश जिथल्या तिथे विरला. डोळे कोरडे राहिले.

"विषय बदलावा," फोन म्हणाला.

त्या खाली बसल्या. स्वतःच्या तळहाताकडे पाहू लागल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "माझं रडू कुठे गेलं?"

ऋजुताने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"वहिनींची राख झाली आणि मी खीर करत होते. आणि आता कळलं, तर रडूसुद्धा येऊ देत नाही हे." त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि उठल्या. "ऐकल्यावाचून सुतक नाही म्हणे! आता ऐकलं. उरलेले तीन दिवस माझे आहेत. ऋजुता, न्हाणीघरात पाणी काढ. डोक्यावरून घेणार आहे. आणि नंतर मिरजेला जायचं."

"आई, दगदग नको. डॉक्टरांना मी फोनवर..."

"गवारीबद्दल विचारायला जात नाहीये मी."

डॉ. मुजावर यांनी सारे ऐकून घेतले. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, "काकू, तुमच्या यंत्राची दोन कामं आहेत. दाब वरच्या मर्यादेला टेकला की तो खाली आणणं, हे पहिलं. ते मी बंद करणार नाही, तुम्ही कितीही भांडलात तरी. दुसरं म्हणजे भावना आधीच ओळखून ती उठूच न देणं. ते तुमच्याकडे सगळ्यात कडक ठेवलंय."

"कुणी ठेवलं?"

डॉक्टरांची नजर क्षणभर सौमित्रकडे गेली. "घरच्यांनी विनंती केली, सही मी केली. तुम्हाला तेव्हा बोलता येत नव्हतं. बोलता यायला लागल्यावर तुम्हाला विचारायला हवं होतं. ते राहिलं. चूक माझी आहे."

"मग आता विचारा."

"ते बंद केलं तर पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका थोडा वाढेल. किती, ते नक्की सांगता येत नाही. कारण हे बंद करा असं अजून कुणी मागितलेलं नाही. शून्य तर तो आजही नाही."

"डॉक्टर," वैजयंतीबाई म्हणाल्या. शब्द अडखळत होते, पण आवाज तोच होता. "चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे मी जन्मभर सांगितलं. धोका नाही असं मी कशी म्हणेन? तुमची दारं राहू देत. पण पाऊस येईल या भीतीनं नदीच आटवायची, हे कुठल्या शास्त्रात बसतं? आणि पातळी लोकांपासून लपवायची? मोठ्या पुराच्या वर्षी आमच्या जाऊबाई घर सोडायला तयार नव्हत्या. सगळे म्हणत होते, म्हातारं माणूस आहे, घाबरवू नका. मी फोन केला. म्हटलं, वहिनी, तीन तासांत पाणी तुमच्या चुलीत. तशा उठल्या. नावेत बसताना म्हणाल्या, तू खरं सांगतेस म्हणून उठले गं."

सौमित्र एकाएकी म्हणाला, "तुला पडलेलं मी पाहिलंय, आई! माठाची पानं तुझ्या केसांत अडकली होती. मी हाका मारत होतो आणि तू माझ्याकडे बघत होतीस, पण ओळखत नव्हतीस. मला परत ते बघायचं नाही. त्यासाठी खोटं बोलावं लागलं तर हजार वेळा बोलेन."

बाईंनी आपला दुबळा उजवा हात त्याच्या दाढी वाढलेल्या गालावर ठेवला.

"तुझी भीती मला मान्य आहे, बाळा. ती खरी आहे. पण ती माझ्या मानेत बसवू नकोस."

मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "कागद द्या."

"अट आहे, काकू. एकही गोळी चुकायची नाही. एकादशीलाही नाही."

"ऋषिपंचमीलाही नाही. ऋषींना मी समजावीन. ती चूक माझी होती, यंत्राची नव्हे."

अंगठा चालेल असे परिचारिका म्हणाली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे असे पाहिले की तिने पेन पुढे केले. सही वाकडी आली, पण पूर्ण आली.

दहाव्या दिवशी सकाळी कुरुंदवाडच्या घाटावर श्रीरंगाने पिंड मांडले होते. वैजयंतीबाई ऋजुताच्या आधाराने एकेक पायरी उतरताना पाहून तिथले उपाध्याय पुढे आले.

"काकू, दहाव्याला बायका घाटावर येत नाहीत."

"बायका येत नसतील. जावा येतात."

उपाध्याय बाजूला झाले. श्रीरंगाने पायरीवर सतरंजी टाकली. बाई बसल्या. सौमित्र मागे उभा होता. हातात फोन, त्यावर आकडा. यंत्राचे दुसरे काम आता बंद होते, फोनवरची सूचना तेवढी चालू राहिली होती. डॉ. मुजावर मिरजेहून तोच आकडा पाहत होत्या.

या दोघी जावांचा एक जुना करार होता. सासूबाईंच्या तेराव्याला जो तो त्यांची स्तुती करू लागला, तेव्हा ज्यांनी त्यांचे बोल सोसले होते त्या दोघी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. कुमुदवहिनी म्हणाल्या होत्या, "वैजू, मी आधी गेले तर माझ्यामागे गुळमुळीत बोलायचं नाही. चारचौघांत भांडायचं. म्हणजे मला कळेल, कुणीतरी मला ओळखत होतं."

"वहिनी," बाईंनी सुरुवात केली. आवाज लहान होता. "हे काही बरं केलं नाहीत तुम्ही."

जमलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागली.

"रोज साडेसहाची वेळ तुमची. आठ दिवस मी फोनजवळ बसले. मला वाटलं, रुसलात. मनात म्हटलं, रुसू दे, मी नाही आधी बोलायची! आणि तुम्ही... तुम्ही सांगून जायचंत ना! लोणच्याचं प्रमाण सांगितलं नाहीत. चाळीस वर्षं विचारलं तर म्हणे, अंदाजानं घाल. कुणाचा अंदाज? माझा आणि तुमचा अंदाज कधी जुळला होता?"

कोणीतरी हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. आकडा एकशे अठ्ठावीसवरून एकशे अडतीसवर गेला.

"विषय बदलावा," फोन म्हणाला.

सौमित्रने आकड्याकडे पाहिले. त्याच्या कपाळावर घाम होता. फोनवर मिरजेहून दोन शब्द उमटले होते, "बोलू द्या." तो खाली वाकला, आईच्या खालच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "आई, ती पैठणी खरी कुणाची होती?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. पाच महिन्यांत त्याने प्रथमच विषय पुढे नेला होता.

"त्यांची," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी त्यांना दिलेली. मी बारशाला नेसले आणि हळदीचा डाग पाडला. डागाची कशी परत द्यायची, म्हणून माझी म्हणत राहिले. त्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं ठाऊक होतं, वहिनी, तुम्हाला! तरी एकदाही डागाचं नाव काढलं नाहीत तोंडातून. पैठणी माग, पैठणी माग, एवढंच. भांडण चालू राहावं म्हणून!" आणि येथे तो आवाज, जो पावसात सांगलीवर घुमत असे, घाटभर चढला. "आणि मी तुमच्या सुतकात खीर केली, वहिनी! खीर केली मी!"

एकशे सेहेचाळीस. एकोणपन्नास. आकडा मर्यादेला टेकला, तशी मानेत टिचकी वाजली. यंत्राने आपले खरे काम केले. दार एवढेसे उघडले आणि पाण्याचा जोर ओसरला. परंतु या वेळी नदी आटली नाही. रडू आधीच आले होते, आणि ते आता कोणाला परतवता येणार नव्हते. वैजयंतीबाई मोठ्याने, तोंड न झाकता, घाटाला ऐकू जाईल अशा रडल्या. सौमित्रही रडला. श्रीरंग येऊन दोघांजवळ बसला.

पिवळ्या डागाची ती पैठणी बाईंनी पिशवीतून आणली होती. ती त्यांनी श्रीरंगाच्या हाती दिली. "तुझ्या आईची आहे. तुझ्या मुलीला दे. डाग पुसायचा नाही, सांग तिला."

हळूहळू हुंदके लांबले. फोनवरचा आकडा कोणी न उतरवता आपला आपण पायऱ्या उतरत गेला: एकशे चाळीस, एकशे चौतीस, एकशे सव्वीस. ऋजुताने पाण्याची बाटली आणि दुपारची गोळी पुढे केली. बाईंनी ती जिभेवर ठेवली आणि कृष्णेकडे पाहत गिळली.

"उद्यापासून," त्या सौमित्रला म्हणाल्या, "साडेसहाला तू माझ्याशी भांडायचंस."

"कशावरून?"

"कुलकर्ण्यांच्या सायकलीवरून सुरुवात कर. पुढचं पुढं."

ज्या मुलाने भीतीपोटी लपवले, त्याचे प्रेम निर्भय होवो. ज्या वैद्य स्त्रीने चूक कबूल केली, तिच्या हाताला यश येवो. जी गेली, तिला ओळखणारे कोणी मागे राहिले, एवढ्याने तिची गती सुखाची होवो. आणि जी राहिली, तिच्या जीर्ण धमन्यांतून रक्त मर्यादेने वाहो, आणि दुःख आपल्या वाटेने. सर्वांचे कल्याण असो.